श्रवणचाचणी : मोठ्यांची आणि बाळांची

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



जैन तत्त्वज्ञानात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून केलेले आहे. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षु आणि श्रोत्र ही ती पाच इंद्रिये. एकेंद्रिय जीवांपासून सुरू होणारी ही चढती श्रेणी श्रोत्रेंद्रियाशी येऊन पूर्ण होते. 'श्रावक' या शब्दाच्या मुळाशीही श्रवणच आहे. ज्या इंद्रियाला एवढे मोठे स्थान दिले, त्याची तपासणी मात्र घरोघरी सर्वांत शेवटी होते. अक्षर अंधुक दिसू लागले की चष्म्याचा नंबर काढला जातो, दात दुखला की दवाखाना गाठला जातो; कानाच्या बाबतीत 'चालायचेच' असे म्हणून वर्षे निघून जातात. प्रौढ माणसाला या दिरंगाईची किंमत गैरसोयीच्या रूपाने मोजावी लागते. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बाळाला तीच किंमत भाषा, शिक्षण आणि पुढील आयुष्य यांच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून मोठ्यांचे कान कसे तपासतात, बाळांचे कसे तपासतात आणि या दोन पद्धतींत फरक का करावा लागतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

मूळ अडचण

ऐकणे ही आतली अनुभूती आहे. कापड गजाने मोजता येते, धान्य तराजूत घालता येते. पण समोरच्या माणसाला किती ऐकू आले हे बाहेरून दिसत नाही. ते जाणून घेण्याचे मार्ग तीनच. पहिला, त्याला विचारणे. दुसरा, आवाज झाल्यावर तो काय करतो हे पाहणे. तिसरा, आवाज कानात गेल्यावर कानात व मेंदूकडे जाणाऱ्या मज्जामार्गात जे घडते, त्याची यंत्राने नोंद घेणे. प्रौढांची तपासणी मुख्यतः पहिल्या मार्गाने होते, चालत्या-खेळत्या मुलाची दुसऱ्या मार्गाने आणि नवजात बाळाची तिसऱ्या. वय बदलले की पद्धत बदलते.

थाळीची परीक्षा

बाळ ऐकते की नाही हे पाहण्याची खेड्यापाड्यांतील आणि शहरांतीलही जुनी रीत म्हणजे त्याच्या पाठीमागे थाळी किंवा टाळी वाजवणे. बाळ दचकले की घरची मंडळी निश्चिंत होतात. या परीक्षेतील उणिवा नीट समजून घेतल्या पाहिजेत.

थाळीचा आवाज फार मोठा असतो. माणसाचे नेहमीचे बोलणे साधारणपणे ६० डेसिबलच्या आसपास असते; जवळून वाजवलेली थाळी त्याच्या कितीतरी वर जाते. त्यामुळे मध्यम प्रतीचे श्रवणदोष असलेले मूलही थाळीला दचकते. त्याला थाळी ऐकू येते, आईचे बोलणे मात्र तुटक ऐकू येते. दुसरी उणीव अशी की, बाळ केवळ आवाजालाच प्रतिसाद देते असे नाही. हलणारी सावली, हाताने आलेली हवेची झुळूक, खाटेला बसलेला हादरा, समोर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरील भाव यांपैकी कशानेही ते मान वळवते. तिसरी उणीव म्हणजे उजवा कान कसा आणि डावा कसा, तसेच खालच्या पट्टीचे स्वर किती आणि वरच्या पट्टीचे किती ऐकू येतात, यांपैकी काहीच थाळी सांगत नाही. उलट, पोट भरून पेंगुळलेले निरोगी बाळही कधी थाळीला दाद देत नाही आणि घरात उगीच घबराट होते.

त्यातच आणखी एक फसगत होते. ऐकू न येणारे बाळ इतर बाळांप्रमाणेच रडते, हसते आणि पहिल्या काही महिन्यांत हुंकारही देते. दोन वर्षांचे झाले तरी शब्द फुटत नाही, तेव्हा घरात कुजबुज सुरू होते. 'याचा बापही उशिरा बोलला होता', 'मुलगे उशिराच बोलतात', 'जीभ जड आहे' अशी कारणे पुढे येतात. मूल तीन-चार वर्षांचे झाल्यावर तपासणी होते. तोवर भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ हातातून गेलेला असतो. अशा मुलाला 'मुके' म्हणणेही अयोग्य आहे. त्याचा कंठ बहुधा निर्दोष असतो. जी भाषा कानावर पडलीच नाही ती त्याने उच्चारावी कशी?

प्रौढांची तपासणी

प्रौढांच्या तपासणीचे सर्वांत जुने आणि आजही उपयोगी असलेले साधन म्हणजे नादकाटा. सन १७११ मध्ये जॉन शोर या इंग्रज वादकाने तो वाद्ये सुरात लावण्यासाठी तयार केला. पुढे जर्मनीत वेबर यांनी सन १८३४ मध्ये आणि रिने यांनी सन १८५५ मध्ये त्यावर आधारलेल्या परीक्षा मांडल्या, त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. कान-नाक-घसा तज्ज्ञ बहुधा ५१२ हर्ट्झचा नादकाटा वापरतात. रिने परीक्षेत तो आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात. निरोगी कानाला समोर धरलेला काटा अधिक चांगला ऐकू येतो. तो हाडावरच अधिक ऐकू आला, तर दोष कानाचा मार्ग, पडदा किंवा मध्यकर्णातील तीन लहान हाडे यांत असण्याचा संभव असतो. वेबर परीक्षेत काटा कपाळाच्या मध्यावर ठेवून आवाज कोणत्या बाजूला ऐकू येतो ते विचारतात. दोन-चार मिनिटांत, विजेशिवाय होणाऱ्या या परीक्षेने दोष कोणत्या प्रकारचा आहे हे कळते. तो किती आहे हे मात्र कळत नाही.

किती, हे सांगण्याचे काम शुद्धस्वर श्रवणमापन करते. यालाच ऑडिओमेट्री म्हणतात. आवाजबंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर एकेका कानात सोडले जातात आणि ऐकू आले की बटण दाबावयाचे किंवा बोट वर करावयाचे असते. ऐकू आले की आवाज १० डेसिबलने उतरवतात, ऐकू आले नाही की ५ डेसिबलने चढवतात. बाजारात भाव जसा वर-खाली होत एका आकड्यावर स्थिरावतो, तसाच या खाली-वर करण्यातून ऐकू येण्याचा सर्वांत कमी आवाज निश्चित होतो. मग तीच तपासणी कानामागच्या हाडावर कंपक लावून करतात. एका कानाची तपासणी चालू असताना गरजेनुसार दुसऱ्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात, म्हणजे चांगला कान वाईट कानाच्या वतीने साक्ष देत नाही.

या सर्व नोंदींचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. जागतिक आरोग्य संघटनेने सन २०२१ च्या अहवालात दिलेल्या वर्गवारीनुसार चांगल्या कानाची सरासरी २० डेसिबलच्या आत असेल तर श्रवण सामान्य मानतात. २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र आणि ८० ते ९५ अतितीव्र दोष समजला जातो. त्यापुढे जवळजवळ पूर्ण बहिरेपणा. आपल्या देशात सन २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल हानी असणाऱ्यास 'ऐकण्यास कठीण जाणारी' व्यक्ती आणि ७० डेसिबल हानी असणाऱ्यास 'कर्णबधिर' व्यक्ती मानले आहे.

शुद्ध स्वर ऐकू येणे आणि बोलणे समजणे यांत अंतर आहे. 'ऐकू येते, पण समजत नाही' ही वयस्कर माणसांची नेहमीची तक्रार असते आणि ती खरी असते. वाढत्या वयात वरच्या पट्टीचे स्वर आधी मंदावतात. आ, ऊ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे, भरदार. स, श, थ, फ यांचे उच्चार वरच्या पट्टीचे आणि क्षीण. त्यामुळे 'साठ' म्हटलेले 'आठ' ऐकू येते, 'सात'चे 'आत' होते. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला यातील धोका वेगळा सांगण्याची गरज नाही. म्हणून ऑडिओमेट्रीच्या जोडीला शब्दांची चाचणी करतात. परिचित शब्द ठरावीक आवाजात ऐकवून ते परत म्हणावयास सांगतात. हे शब्द ऐकणाऱ्याच्या मातृभाषेतीलच हवेत. ज्या घरात मारवाडी किंवा गुजराती बोलतात, त्या घरातील आजींना अपरिचित भाषेतील शब्द ऐकवले, तर तपासणी कानाची न होता भाषाज्ञानाची होईल.

प्रौढांच्या या साऱ्या चाचण्या सांगणाऱ्याच्या शब्दावर उभ्या आहेत. तो दमलेला असेल, त्याला सूचना समजली नसेल, तर आकडा चुकतो. प्रमाणपत्राच्या लोभाने कोणी ऐकू आलेले नाकारले, तरीही आकडा चुकतो. म्हणून शंका आली की ज्यात उत्तर द्यावेच लागत नाही अशी यंत्रनोंद प्रौढाचीही करतात. ही यंत्रनोंद हाच बाळांच्या तपासणीचा मुख्य आधार आहे.

बाळांची तपासणी

पहिल्या सहा महिन्यांच्या बाळाला विचारता येत नाही आणि त्याच्या हालचालीवरही विसंबता येत नाही. अशा बाळासाठी दोन चाचण्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली ओएई. लंडनमधील शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी सन १९७८ मध्ये असे दाखवून दिले की, निरोगी कान आवाज घेतो आणि अतिशय क्षीण आवाज परतही देतो. अंतःकर्णातील शंखाकृती भागात असलेल्या केसासारख्या पेशींच्या हालचालीतून हा प्रतिनाद निर्माण होतो. बाळाच्या कानात लहानसे बोंडूक बसवतात. त्यातून बारीक टकटक सोडली जाते आणि त्यातीलच सूक्ष्म मायक्रोफोन प्रतिनाद टिपतो. बाळ शांत झोपलेले असेल तर काही मिनिटांत काम होते. सुई नाही, औषध नाही, वेदना नाही. यंत्रावर 'पास' किंवा 'रेफर' एवढेच उमटते.

'रेफर' याचा अर्थ 'बहिरे' असा नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत कानाच्या मार्गात चिकट द्रव राहिलेला असतो, त्यामुळेही प्रतिनाद मिळत नाही. 'रेफर'चा अर्थ 'ठरलेल्या दिवशी पुन्हा आणा' एवढाच. तसेच 'पास' म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे. काही श्रवणदोष जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी प्रकट होतात.

दुसरी चाचणी बेरा. सन १९७१ मध्ये अमेरिकेतील ज्युएट व विलिस्टन यांनी मेंदूच्या खोडातून उमटणाऱ्या या श्रवणलहरींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावतात, कानात टकटक ऐकवतात आणि पुढच्या १० मिलिसेकंदांत मज्जामार्गात उठणाऱ्या विद्युतलहरी संगणक नोंदवतो. यांतील पाचवी लहर किती लहान आवाजापर्यंत दिसते, त्यावरून ऐकण्याचा अंदाज बांधतात. मोठे मूल झोपत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचे औषध द्यावे लागते.

ओएई आणि बेरा यांतील फरक समजणे महत्त्वाचे आहे. ओएई अंतःकर्णापर्यंतच पाहते. बेरा त्यापुढे मेंदूकडे जाणारा मार्गही पाहते. काही बाळांत अंतःकर्ण ठीक असतो, पण पुढच्या मज्जातंतूचे काम बिघडलेले असते. असे बाळ ओएईमध्ये 'पास' होते आणि तरीही त्याला बोलणे समजत नाही. फार अपुऱ्या दिवसांची, अतिदक्षता विभागात राहिलेली किंवा रक्त बदलण्याइतकी तीव्र कावीळ झालेली बाळे यांत हा धोका अधिक असतो. म्हणून अशा बाळांसाठी केवळ ओएईवर न थांबता बेरा करून घेणे आवश्यक मानले जाते.

सुमारे सहा महिन्यांनंतर मूल आवाजाच्या दिशेने मान वळवू लागते आणि मग 'पाहण्याचा' मार्ग खुला होतो. मँचेस्टरच्या युइंग दांपत्याने सन १९४४ मध्ये या नैसर्गिक सवयीवर चाचणी बसवली. जपानमधील सुझुकी व ओगिबा यांनी सन १९६१ मध्ये तिला बक्षिसाची जोड दिली. आवाज आला आणि मुलाने मान वळवली की तेथे दिवा लागून खेळणे दिसते. खेळणे पाहण्याच्या ओढीने मूल हळूहळू अगदी लहान आवाजालाही मान वळवते. अडीच-तीन वर्षांच्या पुढे खेळातून तपासणी होते. 'आवाज आला की डब्यात मणी टाक' एवढे शिकवले की मुलाचा हातच उत्तर देतो. पाच वर्षांच्या आसपास बहुतेक मुले मोठ्यांसारखी ऑडिओमेट्री देऊ शकतात.

याशिवाय टिंपॅनोमेट्री नावाची चाचणी लहान-मोठे सर्वांना उपयोगी पडते. कानाच्या मार्गात हवेचा दाब किंचित बदलून पडदा कसा हलतो हे यात नोंदवतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे पाणी साचले असेल तर ते यात दिसते. शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाणाऱ्या काही मुलांची खरी अडचण हीच असते आणि ती बहुधा उपचाराने दूर होते. मात्र ही चाचणी पडद्याची आणि मध्यकर्णाची आहे, ऐकण्याची नव्हे.

ताळा जुळला पाहिजे

या चाचण्यांपैकी श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न साहजिकच पडतो. सन १९७६ मध्ये जेम्स जर्गर आणि डेबोरा हेज या अमेरिकन तज्ज्ञांनी मुलांच्या तपासणीसाठी एक तत्त्व मांडले. कोणत्याही एका चाचणीचा निकाल, दुसऱ्या स्वतंत्र चाचणीने त्याला दुजोरा मिळेपर्यंत अंतिम मानू नये, असा त्याचा आशय. व्यापारी समाजाला हे तत्त्व नवे नाही. रोजकीर्द आणि खातेवही यांचा मेळ बसल्याशिवाय, तेरीज जुळल्याशिवाय कोणी हिशोब पूर्ण झाला असे म्हणत नाही. बाळाच्या कानाचा हिशोबही तसाच आहे. ओएईचा बेराशी, बेराचा मान वळवण्याशी आणि या सर्वांचा आईच्या रोजच्या निरीक्षणाशी मेळ बसला पाहिजे. 'हा आमच्याकडे पाहिल्याशिवाय ओ देत नाही' ही आईची तक्रारही एक नोंदच आहे. कोणी तज्ज्ञाने किंवा घरातील वडीलधाऱ्याने ती झटकून टाकू नये.

या हिशोबात तारखेला फार महत्त्व आहे. पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाययोजना, असे 'एक-तीन-सहा' सूत्र जगभर मान्य झाले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी सन १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत दोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली असल्याचे आढळले. उपाययोजना म्हणजे श्रवणयंत्र, गरजेनुसार कॉक्लिअर इम्प्लांट, वाचा-भाषेचे प्रशिक्षण आणि ज्यांना उपयुक्त त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा. मार्ग कोणताही असो, मुलापर्यंत भाषा वेळेत पोहोचणे महत्त्वाचे.

बीड जिल्ह्यापुढील प्रश्न

देशात कर्णबधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सन २००७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ सन २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मतः असलेला बहिरेपणा या कार्यक्रमाच्या यादीत समाविष्ट आहे आणि त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांना व एकदा शाळांना भेट देतील अशी योजना आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सन १९८३ पासून कार्यरत आहे. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून, अटींच्या अधीन राहून, मोठे साहाय्य मिळते. जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे जाऊन तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

योजना आहेत, संस्था आहेत. तरीही बाळ निसटते. ते बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या काळात निसटते. आपल्या जिल्ह्यात याला एक खास कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी, गेवराई अशा सर्वच तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयत्यावर गेलेल्या मातेचे बाळ फडाशेजारच्या कोपीत वाढते. 'पंधरा दिवसांनी पुन्हा आणा' असे लिहिलेला कागद गावाकडच्या पेटीत राहतो. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कुटुंब परतते, तेव्हा 'एक-तीन-सहा' पैकी सहावा महिनाही कधी उलटून गेलेला असतो. हा दोष त्या मातेचा नाही. तिच्या कष्टाच्या वेळापत्रकात दवाखान्याची तारीख बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

येथेच व्यापारी समाज काही करू शकतो. हंगामाला निघण्यापूर्वी हे कुटुंब किराणा आणि कापड दुकानात येते. परतल्यावर मागील हिशोब चुकता करण्यासही तेथेच येते. कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोणाचे नातवंड दोन वर्षांचे होऊन बोलत नाही, हे दुकानाच्या ओट्यावर सहज कळते. एक आपुलकीचा प्रश्न आणि एक तारीख, एवढी सेवा प्रत्येक दुकानातून होऊ शकते. 'बाळाचे कान तपासले का? दुसऱ्यांदा बोलावले होते का?' हे विचारण्यास भांडवल लागत नाही.

यापुढचे पाऊल संस्थांचे आहे. केरळमधील कोची येथे बालरोगतज्ज्ञ डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकाराने सन २००३ पासून एक साधी व्यवस्था चालवली गेली. प्रत्येक प्रसूतिगृहाने स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजी एकच ओएई यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या वारी निरनिराळ्या रुग्णालयांत जात असे. जी बाळे दोनदा 'रेफर' येत, त्यांना बेरासाठी पाठवले जाई. अतिदक्षता विभागातील बाळांची बेरा केली जाई. महागडी साधने वाटून घेतल्याने खर्च आटोक्यात राहिला. बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, आष्टी यांसारख्या गावांत ठरलेल्या वारी जाणारे असे फिरते यंत्र समाजातील संस्था, डॉक्टर मंडळी आणि शासकीय पथके यांच्या सहकार्याने उभे राहू शकते. त्यासोबत एक नोंदवही हवी. 'रेफर' आलेल्या प्रत्येक बाळाचे नाव त्या वहीत उघडे राहावे आणि दुसऱ्या चाचणीचा निकाल लिहिल्याशिवाय ते खाते बंद होऊ नये. ही माहिती त्या कुटुंबाची खासगी ठेव आहे, याचेही भान ठेवावे.

ज्येष्ठांसाठी दोन शब्द

बाळांचा विचार करताना ज्येष्ठांना विसरून चालणार नाही. प्रवचनात पहिल्या रांगेत बसूनही शेजाऱ्याला 'महाराज काय म्हणाले?' असे विचारावे लागणे, दूरदर्शन संचाचा आवाज वाढवत नेणे, चारचौघांत हळूहळू बोलणे टाळणे ही श्रवण मंदावल्याची लक्षणे आहेत. चष्मा मिरवणारा समाज श्रवणयंत्राला मात्र संकोचतो. मध्यम वयातील उपचार न केलेली श्रवणहानी ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक असल्याचे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने सन २०१७ पासून सातत्याने नोंदवले आहे. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ढोल-ताशा, डीजे, जिनिंग यंत्रे यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या तरुणांनी साठीची वाट पाहू नये. आवाजाने झालेली हानी ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते आणि ती भरून येत नाही. श्रवणयंत्रही केवळ जाहिरात पाहून घेऊ नये. कानाचा आलेख काढून, त्या आलेखाप्रमाणे जुळवूनच घ्यावे.

समारोप

मोठ्या माणसाला विचारले की तो सांगतो, म्हणून त्याची तपासणी त्याच्या शब्दाने होते. बाळ सांगू शकत नाही, म्हणून यंत्राने नोंदवावे लागते, वाढत्या वयात खेळातून पाहावे लागते आणि सर्वांचा ताळा घ्यावा लागतो. मोठा माणूस आज न तपासता सहा महिन्यांनी गेला तरी त्याची शिकलेली भाषा त्याच्याजवळ असते. बाळाजवळ अजून भाषाच नसते. म्हणून त्याचे सहा महिने मोठ्यांच्या सहा वर्षांहून मोलाचे.

घरात पाळणा हलेल तेव्हा बारशाच्या तयारीबरोबर एक प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावा : बाळाच्या कानाची चाचणी झाली का, आणि पुन्हा बोलावले असेल तर कोणत्या तारखेला? ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पाळावी. शेजारच्या घरातील, दुकानात काम करणाऱ्या कामगाराच्या घरातील, ऊसतोडीला निघालेल्या ग्राहकाच्या घरातील बाळासाठीही हाच प्रश्न विचारावा. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील वाटचालीत हे कार्य हाती घ्यावे, अशी नम्र विनंती सर्व उपस्थितांच्या वतीने विश्वस्त मंडळास करावीशी वाटते.

जय जिनेंद्र!